थंडीतला क्रॅपी: बोट नसलेल्यांसाठी

डॅलसच्या आसपास डिसेंबरात गळ घेऊन निघालात की कोणी ना कोणी सांगतंच, ‘‘आता मासे खोल गेले, बोट नसेल तर मार्चपर्यंत थांबा.’’ हे अर्धं खरं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी बहुतेक क्रॅपी मासे तलावात बुडालेल्या जुन्या नद्या-ओढ्यांच्या पात्रावर, वीस-तीस फूट खोल, थवे करून असतात. ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणारं ‘सोनार’ यंत्र लावलेल्या बोटींना तेच सापडतात. पण सगळे तिथे नसतात. सलग दोन-तीन दिवस ऊन पडलं की तलावाच्या काही ठरावीक कोपऱ्यांत, दोन ते पाच फूट पाण्यात क्रॅपी चढतो, खातो आणि गारठा परतला की निघून जातो. काठावर उभ्या माणसाच्या गळाच्या टप्प्यात येणारा मासा तो हाच. तो शोधायचा तर आधी तलावातलं सगळ्यात उबदार पाणी शोधायचं. बाकी सगळं त्यामागून येतं.

मी उत्तर टेक्सास डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग अशा ठिकाणी नव्याने आलेली, शनिवारी दुपारी चार तास मोकळी असलेली माणसं माझे वाचक आहेत. मिसिसिपी, टेनेसी, जॉर्जियातही माशाचा स्वभाव हाच, नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे. मिनेसोटात राहत असाल तर तुमचं पाणी गोठतं आणि मासेमारी बर्फाला भोक पाडून होते. त्याचं तंत्रच निराळं, ते इथे नाही.

मासा ओळखा

क्रॅपी हा सनफिशच्या कुळातला, तळहाताएवढ्यापासून वीतभराहून थोड्या मोठ्यापर्यंत, चपटा, चंदेरी मासा. दुकानात त्याला ‘क्रॉपी’ म्हणतात. जाती दोन. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे पुसट पट्टे असतात, काळ्याच्या अंगावर विखुरलेले काळे ठिपके. थंडीत रंग फिके पडतात, तेव्हा पाठीच्या पंखातले टोकदार काटे मोजा: पांढऱ्याला पाच-सहा, काळ्याला सात-आठ. उत्तर टेक्सासच्या गढूळसर धरणांत बहुधा पांढराच लागतो. नियम दोघांना एकच आहेत, त्यामुळे ओळख चुकली तर बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाच, कारण पुढची सगळी पद्धत त्यांवर उभी आहे. पहिली, त्याचे डोळे मोठे आणि वरच्या बाजूला असतात. तो आपल्या वर असलेलं खाद्य बघतो आणि वर येऊन घेतो, खाली वाकून सहसा घेत नाही. दुसरी, त्याच्या जबड्याची त्वचा पापुद्र्याइतकी पातळ असते. जोरात हिसका दिलात की जबडा फाटून गळ मोकळा होतो.

आधी परवाना

टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो. परवाना टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या संकेतस्थळावर, किंवा वॉलमार्ट, अकॅडमी अशा दुकानांतल्या खेळसामानाच्या काउंटरवर मिळतो. गोड्या पाण्याचं पॅकेज घ्या. नेहमीचं परवाना-वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं. राज्यात सलग सहा महिन्यांहून अधिक राहिला असाल तर रहिवासी दर लागतो, नाहीतर अनिवासी. भारतातून आलेले आई-बाबा हौसेने गळ धरणार असतील तर त्यांना एका दिवसाचा परवाना काढून द्या. ‘मी नुसता धरून बसलोय’ हे उत्तर गेम वॉर्डनपुढे, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चालत नाही.

यातून एक कायदेशीर पळवाट आहे आणि नवख्यांनी ती जरूर वापरावी. स्टेट पार्कच्या आत काठावरून किंवा धक्क्यावरून मासे पकडायला परवाना लागत नाही, फक्त पार्कची प्रवेश फी भरायची. पहिल्या एक-दोन खेपा तशाच करा. आवडलं तर पैसे घाला.

मर्यादा: राज्याचा सर्वसाधारण नियम म्हणजे माणशी दिवसाला २५ क्रॅपी, दोन्ही जाती मिळून, आणि प्रत्येक किमान १० इंच. मोजताना माशाचं तोंड बंद करायचं, शेपटीची दोन टोकं एकत्र दाबायची आणि नाकापासून टोकापर्यंत मोजायचं. काही तलावांना, विशेषतः लुइझियाना किंवा ओक्लाहोमा राज्याला लागून असलेल्या तलावांना, वेगळे नियम आहेत. ज्या तलावावर जाणार त्याचं नाव खात्याच्या संकेतस्थळावर टाकून निघण्याआधी वाचा.

दिवस निवडणं

इथेच निम्मं काम होतं, म्हणून जरा सविस्तर.

जानेवारीत इथल्या तलावांचं पाणी साधारण ४५ ते ५० फॅरनहाइट असतं, म्हणजे ७ ते १० सेल्सिअस. मासा थंड रक्ताचा. या तापमानाला त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते, दिवसभरात फार थोडं खाऊन भागतं. पण आसपासच्या पाण्यापेक्षा चार-पाच अंशांनी उबदार असा खिसा मिळाला की तो तिथे सरकतो. त्याच्याही आधी तिथे शॅड सरकतात. शॅड म्हणजे चंदेरी, बोटभर मासे, क्रॅपीचं मुख्य अन्न. त्यातल्या थ्रेडफिन शॅडला थंडी अजिबात सोसत नाही. पाणी ४५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ लागलं की तो सुस्तावतो, आणखी उतरलं तर मरू लागतो. म्हणजे उबदार कोपऱ्यात क्रॅपीला ऊबही मिळते आणि धडपडणारं, सहज सापडणारं अन्नही.

उथळ पाणी पटकन तापतं आणि तितक्याच पटकन निवतं. रात्री त्याची ऊब उडून जाते, त्यामुळे सकाळी सहाला तलावावर पोहोचण्यात काही अर्थ नाही. उन्हाळ्यातली पहाटेची सवय इथे सोडा. निवांत जेवा, एक वाजता पोहोचा, सूर्य मावळेपर्यंत थांबा. दोन ते पाच हा सगळ्यात चांगला काळ. घरच्यांची परवानगी मिळवायलाही ही वेळ सोयीची पडते.

एकाच दिवसाच्या उन्हावर फार विसंबू नका. सलग तीन उन्हाचे दिवस, रात्री गोठणबिंदूच्या वर, आणि मंद दक्षिण वारा, असं हवामान दिसलं की तिसऱ्या दिवशी निघा. दुसरी चांगली वेळ म्हणजे नॉर्दर यायच्या आदल्या दुपारची. नॉर्दर म्हणजे उत्तरेकडून अचानक कोसळणारी थंड हवेची लाट. ती आली की काही तासांत पारा वीस-तीस अंश फॅरनहाइट खाली येतो. ती यायच्या आधी दक्षिण वारा वाहतो, हवा उबदार आणि किंचित ढगाळ होते, मासे जोरात खातात. लाट येऊन गेल्यावर मात्र आकाश कितीही निळंशार दिसलं तरी दोन दिवस घरी बसा. असा दिवस फोटोंना चांगला, गळाला वाईट.

जागा निवडणं

एक स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यालयाचा थर्मामीटर दोरीला बांधून खिशात ठेवा. माझ्या मते नवख्याने विकत घ्यायची सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, दोरी गुंडाळायच्या महागड्या रीलच्या कितीतरी आधी. तलावावर पोहोचल्यावर तीन-चार ठिकाणी फूटभर खोल बुडवून मिनिटभर धरा. आकडा स्वतः महत्त्वाचा नाही, फरक महत्त्वाचा. मोकळ्या काठाला ४७ आणि आतल्या कोपऱ्यात ५१ दिसलं, तर पुढचे दोन तास कुठे उभं राहायचं ते ठरलं.

थर्मामीटर बुडवण्याआधी नकाशावरच बरंच कळतं. डिसेंबरअखेरीस डॅलसला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४ अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. म्हणजे इथे ऊन तिरकं, दिवसभर दक्षिणेकडून. त्यामुळे तलावाचा उत्तर काठ, म्हणजे जिथे उभं राहिल्यावर तुमचं तोंड दक्षिणेला होतं तो, सगळ्यात जास्त ऊन खातो. पाठीमागे टेकाड किंवा दाट झाडी असेल तर उत्तरेचा बोचरा वाराही अडतो. वर आणखी दोन फायदे. मंद दक्षिण वारा तापलेलं वरचं पाणी हळूहळू याच काठाकडे ढकलतो, कारण उबदार पाणी हलकं असतं आणि वरच तरंगतं. आणि तुमची सावली पाण्यावर न पडता मागे पडते, मासा बिचकत नाही.

फोनवर उपग्रह-नकाशा उघडा आणि आत शिरलेले खिसे बघा, जिथे ओढा येऊन मिळतो किंवा तलाव जमिनीत बोट घुसवल्यासारखा आत आलाय. त्यातले उत्तरेकडून बंद, दक्षिणेला उघडे खिसे निवडा. तिथे गेल्यावर या गोष्टी तपासा.

पाणी थोडं गढूळ हवं. कोऱ्या चहाच्या रंगाचं, हात बुडवल्यावर कोपर दिसतं पण बोटं पुसट होतात, इतपत. गढूळ पाणी ऊन वरच्या थरातच शोषतं, आणि क्रॅपीला आडोसाही वाटतो. नितळ पाण्यात थंडीतला उथळ मासा मिळणं अवघड. उलट पावसानंतर दुधाच्या चहासारखा लोट आला असेल तर तोही बहुधा थंड असतो, त्याच्या कडेने जा, आत नको.

तळ काळपट गाळाचा असेल तर चांगला, पांढऱ्या वाळूचा तितकासा नाही. गाळ उष्णता धरतो. धरणाच्या आणि पुलांच्या उतारावर दगड रचलेले असतात, आपल्याकडे ज्याला पिचिंग म्हणतात तसे. ते दिवसभर तापतात आणि संध्याकाळी लगतच्या पाण्याला ऊब देत राहतात. ऊन उतरू लागल्यावर शेवटचा तास अशा दगडांपाशी घालवा.

आडोसा लागतोच. पाण्यात कोसळलेलं झाड, बुडालेली झुडुपं, वाळलेल्या वेताच्या बेटाची कड, धक्क्याचे खांब. क्रॅपी मोकळ्यावर फिरत नाही, काटक्यांना चिकटून असतो.

आणि शेवटची, सगळ्यात जास्त विसरली जाणारी अट: जवळच खोली हवी. विस्तीर्ण उथळ पसरट भागाच्या मधोमध तीन फूट पाणी कितीही उबदार असलं तरी मासा तिथवर जात नाही. ओढ्याचं जुनं पात्र, बोटींसाठी खणलेला चर, मरीनाचं तोंड असं आठ-दहा फुटांचं पाणी पन्नास पावलांच्या आत असावं. तिथून तो दुपारी चढतो आणि रात्री परत उतरतो.

दुपारी एखाद्या कोपऱ्यात मोठा निळा बगळा गुडघाभर पाण्यात तासभर उभा दिसला तर तुमच्या थर्मामीटरपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. तो हवा खायला उभा नसतो.

सुरुवातीच्या जागा सांगायच्या तर: रे रॉबर्ट्स तलावावर स्टेट पार्कचे इल दु ब्वा आणि जॉन्सन ब्रँच असे दोन मोठे भाग आहेत, डॅलसहून साधारण तासाभरावर, परवान्याशिवाय चालणारे. आग्नेयेकडे युस्टेस गावाजवळ पर्टिस क्रीक स्टेट पार्क आहे. तलाव छोटा, ३५५ एकरांचा, बोटींना अगदी सावकाश जाण्याचीच मुभा, पाण्यात उभी वाळकी झाडं. शिकायला याहून शांत जागा शोधायची गरज नाही. घराजवळचे लुईसव्हिल, लॅव्हन, ग्रेपव्हाइन हे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता विभागाचे तलाव आहेत, काठावर सार्वजनिक पार्क भरपूर, पण तिथे परवाना लागतो. आणि एखादा लाँग वीकेंड हाताशी असेल तर लुइझियानाच्या सीमेवरचा कॅडो तलाव बघा. सायप्रसच्या झाडांचं, शेवाळी जटांचं, सरासरी आठ-दहा फुटांचं पाणी. अख्खा तलावच उथळ म्हणावा असा. कोणाच्या घरामागच्या खासगी धक्क्यावर मात्र कधीच पाय ठेवू नका, कितीही मोकळा दिसला तरी.

सामान

फार लागत नाही, आणि दुकानदार सांगतो तेवढं तर मुळीच नाही.

काठी: दहा फुटी क्रॅपी-पोल घ्या, फायबरचा, हलका, टोकाला लवचीक. तो फेकायचा नसतो, लांबवून आमिष जागेवर नेऊन सोडायचा असतो. कोकणात लांब काठीने खाडीत गळ टाकताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच जमेल. मुलांसाठी किंवा लांब टाकायला सहा फुटी अल्ट्रालाइट काठी आणि छोटा स्पिनिंग रील.

दोरी: ६ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) मोनोफिलामेंट, म्हणजे एकपदरी नायलॉन. फांद्या फार असतील तर ८.

गळ: बारीक तारेचा, लांब दांड्याचा, ‘अ‍ॅबरडीन’ नावाने मिळतो. चार नंबर घ्या. बारीक तारेचा का, तर फांदीत अडकला आणि सावकाश ओढला की सरळ होऊन सुटतो. पुन्हा चिमट्याने वाकवायचा आणि चालू.

जिग: गळाच्या डोक्याला शिशाचा किंवा टंगस्टनचा छोटा मणी असलेला प्रकार. वजन १/३२ औंस, म्हणजे ग्रॅमभराहून थोडं कमी. वारा असेल तर १/१६. त्याच्यावर दीड-दोन इंचांचा मऊ प्लास्टिकचा किंवा पिसांचा झुपका. गढूळ पाण्यात काळा-पोपटी, जरा स्वच्छ पाण्यात पांढरा किंवा गुलाबी. रंगांवर लोक रात्र रात्र वाद घालतात. सुरुवातीला दोन रंग पुरेत.

बोया, म्हणजे दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा: पेन्सिलीसारखा बारीक, बाल्साच्या लाकडाचा. लाल-पांढरा गोल प्लास्टिकचा चेंडू थंडीत निरुपयोगी. त्याला बुडवायला जेवढी ताकद लागते तेवढी जानेवारीतला क्रॅपी लावतच नाही.

शिशाचे बारीक छर्रे, छोटी हातजाळी, लांब नाकाचा चिमटा, मोजपट्टी. झालं.

गळ बांधणं

घरी, बादलीभर पाणी घेऊन करा. काठावर गार बोटांनी हे होत नाही.

दोरीवर बोया अडकवा, खाली जिग बांधा. जिगला गच्च गाठ न मारता छोटा फास ठेवणारी गाठ मारा, म्हणजे ती मोकळी हलते. पाण्यात जिग आडवी लटकली पाहिजे, नाक खाली करून उभी नाही. माशाला पोहणारं पिल्लू दिसायला हवं. गाठ सरकून तिरकी झाली तर प्रत्येक माशानंतर ती परत वर आणा.

आता बादलीत सोडा. बोयाचा वरचा पाऊण इंच तेवढा पाण्याबाहेर राहीपर्यंत जिगच्या वर, सहा-आठ इंचांवर, एकेक छर्रा दाबत जा. ही तोल साधण्याची पाच मिनिटं कोणी देत नाही, आणि मग दिवसभर ‘आज लागतच नाही’ म्हणतात. मासे टोचत असतात, जाड बोया सांगत नाही.

जिवंत आमिष वापरायचं तर दुकानात डझनावर मिनो नावाचे बारके मासे मिळतात. थंडीत छोटे मागा, दीड-दोन इंचांचे. जिगऐवजी साधा गळ लावा आणि मिनोच्या पाठीवरच्या पंखाच्या किंचित मागून, कण्याला धक्का न लावता, टोचा. म्हणजे तो आडवा लटकून हलत राहतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, त्यामुळे थंडीत बादलीतले मिनो उन्हाळ्यासारखे पटापट मरत नाहीत. माझं मत विचारलंत तर पहिल्या खेपेला मिनोच न्या. जिगमध्ये हाताची हालचाल शिकावी लागते, मिनो ते काम स्वतः करतो. ज्यांना जिवंत जीव टोचणं नको वाटतं त्यांच्यासाठी वासाच्या छोट्या गोळ्या मिळतात, जिगच्या टोकाला लावायच्या. त्यांचा गार पाण्यात खरंच फरक पडतो, कारण मासा आमिषापाशी थांबून विचार करत असतो.

पाण्यावर

पाय न आपटता चाला. लाकडी धक्क्यावर बुटांचा आवाज सरळ पाण्यात उतरतो आणि तीन फूट पाण्यातल्या माशाला तो आपल्या डोक्यावर वाजल्यासारखा असतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना शांत बसवण्यापेक्षा दुसऱ्या कोपऱ्यात खेळायला सोडणं सोपं.

तीन फूट पाणी असेल तर बोयाखाली दीड फूट दोरी ठेवून सुरुवात करा. मासा वर बघतो हे आठवा. त्याच्या डोळ्यांच्या खाली गेलेलं आमिष वाया गेलं. दहा मिनिटांत काही नाही झालं तर सहा इंच खाली न्या, पुन्हा सहा इंच.

आडोशाच्या थोडं पलीकडे, आवाज न करता आमिष सोडा आणि हळू ओढत फांदीलगत आणा. फांदीपासून हातभर अंतर फार होतं. थंडीत वीतभर, शक्य असेल तर चिकटून. मग हात थांबवा. जिग हलवायची नाही. वाऱ्याने बोया डुलतो तेवढी हालचाल पुरते. पंधरा-वीस सेकंदांनी काठीच्या टोकाने किंचित थरथर, पुन्हा थांबा. नवख्याला सगळ्यात जड जातं ते हेच. उन्हाळ्यात बास नावाचा मासा पकडलेली माणसं तर सतत रील फिरवत राहतात.

टोच कशी ओळखायची? बोया गडप होईल याची वाट बघू नका, क्वचितच होतो. तो बाजूला सरकू लागतो, वाऱ्याच्या उलट. किंवा नुसता तिरका होतो. किंवा, आणि हे फसवं आहे, आडवा पडतो. मासा आमिष घेऊन वर आला की दोरीचा भार सुटतो आणि बोया झोपतो. तो झोपला की लागलीच काठी उचला. हिसका नाही, उचलणं. मनगटाने, सावकाश, ताण ठेवून. तो पातळ जबडा लक्षात ठेवून ताण जराही सैल न सोडता काठाशी आणा आणि खालून जाळी घाला. दोरीला धरून हवेत उचललात की हमखास पडतो.

एक लागला की दुसरा जवळच असतो. आमिष पुन्हा तिथेच, त्याच खोलीवर. बोटाच्या नखाने दोरीवर खोली कुठे होती ते धरून ठेवा. चार-पाच मिळून शांत झालं तर पाच फूट बाजूला सरका. काहीच न मिळता पंधरा-वीस मिनिटं गेली तर तो आडोसा सोडा, पुढच्यावर जा. थंडीत मासा तुमच्याकडे येणार नाही. तुम्ही फिरायचं आणि आमिष थांबवायचं.

सगळे आडोसे फिरून झाले तरी रिकामे हात असतील तर त्याच खिशाच्या तोंडाकडे, जिथे पाणी सहा-आठ फूट होतं, तिथे जा आणि दोरी चार फुटांवर न्या. बऱ्याचदा मासे आत यायच्या वाटेवर तिथे थबकलेले असतात. तिथेही नाही तर घरी जा. काही दिवस तसेच असतात. मुलांची निराशा होत असेल तर एक सोपा पर्याय आहे: डिसेंबर ते मार्च खातं शहरांतल्या छोट्या तळ्यांत रेनबो ट्राउट सोडतं. सोडण्याच्या तारखा संकेतस्थळावर असतात आणि त्या माशांना फार डोकं लावावं लागत नाही.

थंडी, दगड, बंदुका

पिचिंगच्या दगडांवर पाण्यालगत हिरवं शेवाळ असतं, बोटी उतरवायच्या सिमेंटच्या उतारावर तर हमखास. रबरी, खाचांच्या तळव्यांचे बूट घाला आणि ओल्या रेषेच्या वरच उभे राहा. पन्नास अंश फॅरनहाइट पाण्यात पडलेल्या माणसाला पहिलं मिनिट श्वास आवरायला लागतं आणि त्यानंतर साधारण दहा मिनिटंच हातपाय कामाचे राहतात. पोहता येतं की नाही हा प्रश्नच नसतो. एकटे जाऊ नका. कयाक घेणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात हवं, मागे ठेवलेलं नव्हे. तेरा वर्षांखालच्या मुलांनी लहान बोटीत ते घालणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जीन्स आणि सुती मोजे भिजले की वाळत नाहीत, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. सुके मोजे गाडीत ठेवा.

तलावावर दूरवर धडाधड आवाज आले तर घाबरू नका, बदकांच्या शिकारीचा हंगाम असतो. पण त्या भागात चिखली रंगाचं जाकीट घालून वेतात शिरू नका.

निघताना बादलीतलं तलावाचं पाणी तिथेच ओता. टेक्सासात हा कायदा आहे, झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. इथले बरेच तलाव आधीच बाधित आहेत. उरलेले मिनो मात्र तलावात सोडायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे.

ठेवायचे की सोडायचे

उथळ पाण्यातल्या मासेमारीचा हा एक मोठा गुण: सोडलेला मासा जगतो. तीस फुटांवरून वर ओढलेल्या क्रॅपीची हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते आणि सोडला तरी तो बहुधा तगत नाही. चार फुटांवरच्याला तो त्रास नाही. हात ओले करा, पोट दाबू नका, गळ चिमट्याने उलटा फिरवून काढा, पाण्यात हळू सोडा. दहा इंचांखालचे तर सोडायचेच आहेत.

ठेवणार असाल तर आठ-दहा पुरे, मर्यादा २५ असली तरी. स्वच्छ करायला अर्धी रात्र जाते. काठावर तुकडे करू नका, डोकं आणि शेपूट घरी पोहोचेपर्यंत शाबूत ठेवा, म्हणजे लांबी कोणालाही मोजता येते. काही तलावांतल्या काही माशांबाबत पाऱ्यामुळे खाण्याच्या सूचना आहेत. राज्याच्या आरोग्य खात्याची यादी एकदा बघून घ्या, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर नक्कीच.

मांस पांढरं, मऊ, वासाला अगदी सौम्य. रस्सा नको, त्यात विरघळून जातं. इथले लोक मक्याच्या पिठात तळतात. आपण खवले काढून, पोट साफ करून, आडव्या चिरा देऊन हळद, मीठ, आलं-लसूण, तिखट आणि कोकमाचं आगळ लावावं, अर्धा तास ठेवावं, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर शॅलो फ्राय करावं. काटे काढलेले तुकडे केले असतील तर एका बाजूला दोन मिनिटं पुरतात. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर तवा ठेवायच्या आधी खिडकी उघडा आणि पंखा लावा. स्मोक अलार्म माशाच्या आधी तयार होतो.

फेब्रुवारीनंतर

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात थर्मामीटर दुपारीच नव्हे तर सकाळीही ५५ दाखवू लागला की वरचे बरेच नियम सैल होतात. मासा मग उथळात मुक्कामाला येतो, पाणी साठ अंशांच्या घरात गेलं की अंडी घालायला लागतो. बाहेर रेडबडच्या झाडांची गुलाबी फुलं दिसली म्हणजे ती वेळ जवळ आली. तेव्हा उत्तर काठाचा आग्रह सोडा, सकाळीही जा, जिगला थोडी हालचाल द्या, आणि धक्क्यावर जागा मिळवायला लवकर निघा, कारण तोवर बाकी सगळ्यांचेही गळ गॅरेजमधून बाहेर आलेले असतात.